चारशे वर्षांचा नायक आणि चार दिवसांचे नियम

व्हॅम्पायर नायक, चेटकीण नायिका, छत्रपती संभाजीनगर ते अंबाजोगाई एवढा पट आणि चारशेच्या वर पानं. आधी ॲपवर भागाभागांनी आलेली ही कादंबरी पुस्तक होऊन हातात पडली, तेव्हा अपेक्षा मोठी होती. आपल्या मुलखात घडणारी अशी गोष्ट रोज कुठे मिळते? नाव मुद्दाम घेत नाही. लिहिणाऱ्याची पहिलीच कादंबरी आहे, हात वाईट नाही आणि यातले दोष या एकाच पुस्तकाचे नाहीत. या प्रकारातल्या मराठी कादंबऱ्या जिथे हमखास घसरतात, नेमकी तिथेच हीही घसरली आहे. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

गोष्ट अशी. नायक जुन्या खडकीतला (म्हणजे आजचं संभाजीनगर), मलिक अंबरच्या काळात, चारशे वर्षांपूर्वी जन्मलेला. हल्ली संभाजीनगरात बंगला करून राहतो. नायिका अंबाजोगाईची, सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, आजीकडून चेटूक आलेलं. दोन्ही घराण्यांचं जुनं वैर. भेट, ओढ, ताटातूट, लग्न, आणि शेवटी पौर्णिमेच्या रात्री तिच्या अश्रूंनी त्याचा शाप सुटतो. यात नवं काही नाही, आणि ती तक्रारही नाही. या प्रकारात वाचक कथानकाच्या नवेपणासाठी येत नाही. दोघं शेवटी एकत्र येणार हे त्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. तो बघायला येतो ते अडथळा कसा पार होतो हे.

आणि अडथळा म्हणजे नियम. साध्या प्रेमकथेत जात असते, पैसा असतो, बापाचा हट्ट असतो, बदलीची ऑर्डर असते. अमानवी प्रेमकथेत अडथळा नायकाच्या अंगातच असतो. त्याला ऊन सोसत नाही, तिचं रक्त त्याला लागतं, तो मरत नाही आणि ती मरणार आहे. हे नियमच इथले खलनायक. इथे काय होतं बघा. भाग ३ मध्ये खिडकीतून आलेल्या तिरिपेनं त्याच्या मनगटावर फोड येतात. वर्णन चांगलं आहे, अंगावर काटा येतो. भाग १४ मध्ये तो गॉगल लावून दुपारी औरंगपुऱ्यात फिरतो. भाग २२ मध्ये सनस्क्रीन. भाग ३१ मध्ये भर मे महिन्यात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर, मांडवात उभा. त्रेचाळीस अंशांत तिथे जिवंत वऱ्हाड्यांचे हाल होतात, हा मात्र मुंडावळ्या बांधून हसतोय. एवढं झाल्यावर पुढच्या भागात तो म्हणतो, ‘आपण एकत्र राहू शकत नाही.’ का बरं? अडवलंय कुणी?

व्हॅम्पायरनं उन्हात मरायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत व्हॅम्पायर काउंट दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो; उजेडात त्याची ताकद घटते एवढंच. उन्हानं राख होण्याचा नियम रूढ झाला तो १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासून. तेव्हा लेखकाला सगळे रस्ते मोकळे आहेत. ऊन मारक ठेवा, ऊन नुसतं दुबळं करणारं ठेवा, नाहीतर नियमच ठेवू नका. पण एक धरलं की शेवटच्या पानापर्यंत धरा. नियम मोडायचाच असेल तर एकदाच मोडा आणि त्याची किंमत कुणाकडून तरी वसूल करा.

याचा सगळ्यात चांगला नमुना परदेशी नाहीच, तो पैठणचा आहे. ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस गोष्टी सुरू होतात तेच मुळी ‘गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नावाचं नगर आहे’ असं सांगून. राजा त्रिविक्रमसेन तिथला. त्यानं झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून गुपचूप आणायचं. नियम दोनच. बोललास तर वेताळ परत झाडावर. आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. दोन्हीकडून कोंडी. सोमदेवानं अकराव्या शतकात ही गोष्ट संस्कृतात आणली, तेव्हापासून आजपर्यंत कुणाला त्यात पळवाट घालावीशी वाटली नाही. राजानं आठव्या फेरीला इअरप्लग घातले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. या सगळ्याचं मूळ ज्या ‘बृहत्कथे’त सांगतात, ती गुणाढ्यानं शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिली, सातवाहन राजानं नाकारली, मग त्यानं एकेक पान रानातल्या पशूंना वाचून दाखवत आगीत टाकलं, सात लाख श्लोकांतले एक लाख उरले, अशी कथा आहे. रक्त, अग्नी, अपमान, सगळं पैठणच्या कथेत. आणि आमचा नायक पैठणला जातो ते साडी घ्यायला.

आता नकाशा काढून बसा. नायक संभाजीनगरात, म्हणजे गोदावरीच्या उत्तरेला. नायिका अंबाजोगाईत, म्हणजे दक्षिणेला. बीडच्या रस्त्यानं गेलं तर शहागडला नदी ओलांडावीच लागते. व्हॅम्पायरला वाहतं पाणी ओलांडता येत नाही, हा या प्रकारातला जुना नियम. स्टोकरच्या कादंबरीतही भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळा सोडून तो अडकतो. या कादंबरीच्या भाग ५ मध्ये नायक स्वतः हा नियम सांगतो. त्यानंतर गडी सोळा वेळा नदी ओलांडतो. लेखकाच्या हातात आख्खी गंगा होती आणि ती पुलाखालून निघून गेली.

जायकवाडीचे दरवाजे बंद असले की उन्हाळ्यात पैठणच्या खालचं पात्र बरंचसं कोरडं असतं. कुठे डोह, कुठे बंधाऱ्यात तुंबलेलं पाणी. साचलेलं पाणी नियमात बसत नाही, तेव्हा मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत त्याचा रस्ता मोकळा. पावसाळा लागला, धरण भरलं, दरवाजे उचलले की रस्ता बंद. आता रात्रीचा हिशोब मांडा. संभाजीनगर ते अंबाजोगाई सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, गाडीनं साडेचार-पाच तास. जूनमध्ये सूर्य सात-दहाला मावळतो आणि सहाच्या आत उगवतो, म्हणजे रात्र पावणेअकरा तासांची. जाऊन-येऊन दहा तास गेले तर भेटीला उरला पाऊण तास, त्यात बीडच्या अलीकडे टायर पंक्चर झालं तर तोही गेला. डिसेंबरात रात्र तेरा तासांची, तीन तास निवांत मिळाले असते. पण तेव्हा पात्रात पाणी वाहतं आहे. नदी आटते तेव्हा रात्र आखूड, रात्र लांबते तेव्हा नदी आडवी. याहून चांगला अडथळा कुठला खलनायक उभा करणार होता? आणि पुलावरून गेलं तर चालतं का, हे लेखकानं ठरवायचं. माझं मत विचाराल तर चालू नये. पण मग पहिल्याच वेळी पुलाच्या तोंडाशी गाडी थांबली पाहिजे आणि का थांबली हे तिला दिसलं पाहिजे.

लग्नाचा प्रसंग तर फुकट दवडला आहे. गोरज मुहूर्त नावाची सोय आपल्याकडे आहे ना! मे महिन्यात अंबाजोगाईला सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो. समजा मुहूर्त निघाला सहा छत्तीसचा. सूर्य अजून पंधरा मिनिटं वर आहे, भटजी अंतरपाट धरून उभे, मुलीचा मामा चिडलेला आणि नवरदेव जानवशाच्या खोलीतून बाहेर यायला तयार नाही. वाजंत्रीवाल्याला ‘अजून एक वाजव’ म्हणून सांगायचं, कुणाची तरी चप्पल हरवायची, मानपानावरून मुद्दाम भांडण काढायचं. ते भांडण नायिकेच्या आजीनंच काढायचं, कारण घरात एकट्या तिलाच सगळं माहीत आहे. हा प्रसंग वीस पानं चालला असता आणि हसवता हसवता घाबरवून गेला असता.

त्यात गाव कोणतं, तर अंबाजोगाई. योगेश्वरीचं आणि परळीच्या वैजनाथाचं लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला, देवी कुमारिकाच राहिली आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी आख्यायिका तिथे लहान पोरालाही ठाऊक असते. हत्तीखान्याचे दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच म्हणून दाखवतात. मुहूर्त चुकला म्हणून देवीचं लग्न मोडलेल्या गावात, उजेडाला भिणाऱ्या नवरदेवाचं लग्न. गावानं एवढं वाढून ठेवलेलं ताट, आणि पुस्तकात योगेश्वरीच्या देवळाचा उल्लेख एकदा येतो, तो सेल्फीसाठी.

रक्ताचा हिशोब मात्र सगळ्यात जास्त खटकतो, कारण नायिका नर्स आहे. ती त्याला रोज रात्री ‘एक छोटा प्याला’ देते. प्याला शंभर मिलिलिटरचा धरू. माणसाच्या अंगात किलोमागे सत्तर मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. नायिका ‘नाजूक, अठ्ठेचाळीस किलोची’ असं लेखकानंच लिहिलंय, म्हणजे सव्वातीन लिटर. वीस रात्रींत दोन लिटर गेलं. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पण तांबड्या पेशी भरायला आठवडे लागतात. आणि लोह? हिमोग्लोबिन साडेबारा असलं तरी शंभर मिलिलिटर रक्तातून चाळीसेक मिलिग्रॅम लोह जातं. जेवणातून दिवसाला अंगी लागतं ते एक-दोन मिलिग्रॅम. देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बाया आधीच रक्तक्षयाच्या. ही बाई तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना धापा टाकेल, नखं पांढरी पडतील, ड्युटीवर चक्कर येईल. पुस्तकात तिचे गाल गुलाबी होत जातात.

हे नीट करणं अवघड नव्हतं. रक्तदानाचा नियम नर्सला तोंडपाठ असतो. वजन पंचेचाळीसच्या वर असेल तर एका वेळी साडेतीनशे मिलिलिटर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली नको आणि बाईनं दोन वेळांत चार महिने अंतर ठेवायचं. म्हणजे वर्षातून तीनदा. आता या तीन तारखांना केवढं वजन आलं! तिनं कॅलेंडरवर खूण करायची, महिनाभर आधी लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या, त्यानं ती खूण बघून नजर चुकवायची. रोजच्या प्याल्यात हे येत नाही. रोज घडतं त्याला कोण जपतं?

मग उरलेले दिवस त्यानं काय प्यायचं? लेखकानं रक्तपेढीच्या पिशव्या चोरल्या आणि बंगल्यातल्या डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या. तिथेही घोळ. रक्त दोन ते सहा अंश सेल्सिअसला ठेवतात, गोठवत नाहीत. नुसतं गोठवलं की पेशी फुटतात आणि वितळल्यावर हाती लाल पाणी येतं. नेहमीच्या पिशवीत रक्त पस्तीस दिवस टिकतं. साडेतीनशेच्या पिशवीत एकोणपन्नास मिलिलिटर औषधी द्रावण आधीच असतं, गुठळी होऊ नये म्हणून. त्याची चव त्याला लागेल की नाही? चारशे वर्षांच्या जिभेला नक्की लागेल, आणि तिथे एक चांगलं वाक्य लिहून घेता आलं असतं. शिवाय प्रत्येक पिशवीला नंबर असतो, तपासण्या झालेल्या असतात, रजिस्टरला नोंद असते. महिन्याला तीस पिशव्या गायब झाल्या तर बोंब होते, आणि पहिला संशय येतो तो ड्युटीवरच्या नर्सवर. प्रेमानं तिची नोकरी धोक्यात आणली, हा आयता अडथळा होता. तोही सोडला.

खाटकाचं दुकान तर लेखकाला सुचलंच नाही. बोकड पहाटे, उजाडायच्या आत कापतात. वेळ व्हॅम्पायरच्या सोयीची. पंचवीस किलोच्या बोकडातून पाऊण-एक लिटर रक्त निघतं, रक्तीसाठी गिऱ्हाईक ते घेऊनही जातं, तेव्हा बरणी घेऊन येणाऱ्या माणसाचं कुणाला नवल वाटत नाही. फक्त पाच-दहा मिनिटांत ते थिजतं, म्हणजे जागेवरच प्यायला हवं किंवा काडीनं ढवळत राहून तंतू काढायला हवेत. आखाडात चंगळ, श्रावण लागला की गिऱ्हाईक आटतं आणि दुकानं ओस. श्रावणातला उपाशी व्हॅम्पायर, आणि समोर सोमवारचा उपास धरलेली नायिका. असो, प्रत्येक गोष्ट मीच लिहून देण्यात अर्थ नाही.

चारशे वर्षांचं काय केलंय तेही सांगतो. काहीच केलेलं नाही. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला, नहरीनं पाणी आणलं. हा माणूस त्या गर्दीत होता म्हणे. मग १६३० चा दुष्काळ त्यानं पाहिला. औरंगजेब आला, निजाम आला, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामही गेला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारी, सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन जगणारी माणसं त्यानं पाहिली असणार. ज्याला माणसाच्या रक्तावर जगायचं आहे त्यानं त्या वर्षी काय केलं? अशक्त माणसांना हात लावला का, की स्वतः उपाशी राहिला? या एका प्रश्नाच्या उत्तरात त्याचं अख्खं चारित्र्य कळलं असतं. पुस्तकात तो भूतकाळाबद्दल एकदाच बोलतो. ‘मी खूप एकटा होतो.’

अशा पात्राला जुनेपणा द्यायचा तर इतिहासाची पानं ओतायची गरज नसते. तीन-चार सवयी पुरतात. मोडी वाचता येते पण मोबाइलवर टाइप करताना अडखळतो. आनंद झाला की दखनीवर येतो, ‘हौ’ आणि ‘नक्को’ तोंडातून निसटतात. किंमत ऐकली की मनात निजामाच्या हाली शिक्क्याच्या रुपयांत मोजतो. रेल्वेच्या शिट्टीला अजून दचकतो, कारण त्याच्या हिशोबात ती कालपरवा आलेली आहे. इथला नायक मात्र ‘आय मीन, सीरियसली?’ म्हणतो, आणि त्याच्या कपाटात परफ्यूमच्या सतरा बाटल्या आहेत. सतराही नावं दिलीत.

बंगला त्याच्या नावावर कसा, हाही प्रश्न आहेच. चारशे वर्षांत माणसाला निदान सहा-सात वेळा स्वतःचा नातू व्हावं लागेल. वारसनोंद, फेरफार, मृत्यूचा दाखला, तलाठ्याची सही. हैदराबाद संस्थानातल्या इनामी जमिनी असतील तर १९५० चा कूळकायदा आणि त्यानंतर इनामं खालसा झाली, तिथे तो कुठल्या नावानं हजर होता? २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला समिती बसली, गावोगाव लोक जुनी कागदपत्रं धुंडाळत होते, आणि त्या नोंदी लिहिताना कारकुनाच्या शेजारी बसलेला माणूस संभाजीनगरात परफ्यूम निवडतोय!

लपायच्या जागाही पाहा. बंगल्याला जाड पडदे आणि एसी, संपलं. मराठवाड्यातल्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घराला जाड मातीच्या भिंती असतात, खिडक्या जवळपास नसतात, आत दिवसाही अंधार. माळवदाला धूर-उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून एकच कवडसा येतो आणि दिवसभर जमिनीवरून सरकत जातो. त्या कवडशाबरोबर सरकणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याहून बेस्ट जागा म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेलं पेव. पेवात कोंदट हवा साचते, उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही, आधी दिवा सोडून बघतात, कारण आत उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. ज्याला श्वासच लागत नाही त्याच्यासाठी यापेक्षा सुरक्षित बिछाना नाही. एक दुरुस्ती मात्र करावीच लागेल. भाग ३७ मध्ये किल्लारीजवळ ‘तीनशे वर्षांचा, एक चिराही न हललेला वाडा’ येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन छप्पनला भूकंपानं त्या भागात काय झालं, जड दगड-मातीची घरं कशी बसली, गावं उचलून दुसरीकडे कशी वसवली, हे लातूर-धाराशिवच्या कुठल्याही वाचकाला सांगावं लागत नाही. तो त्या पानावर पुस्तक मिटतो. वाडा औशाकडे, उदगीरकडे, कुठेही न्या, पण तिथे नको.

आता चेटकीण. इथे चेष्टा बाजूला ठेवतो. नायिकेच्या आजीला गाव ‘प्रेमानं चेटकीण म्हणतं’ असं वाक्य आहे. मराठवाड्यातलं कुठलंही गाव कुठल्याही बाईला प्रेमानं चेटकीण म्हणत नाही. असा शिक्का बसला की विहिरीवर बाजूला उभं राहावं लागतं, बाळंतिणीच्या खोलीत येऊ देत नाहीत, म्हैस आटली की बोट तिच्याकडे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात याच गोष्टी गुन्हा म्हणून लिहिल्यात. करणी करते म्हणून कुणाला ठरवणं, जनावराचं दूध आटवलं असा आळ घेणं, चेटकाच्या नावाखाली मारहाण करणं, धिंड काढणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजार ते पन्नास हजार. हे कायद्यात येतं ते घडतं म्हणूनच.

लेखकानं नायिकेची ताकद म्हणून भानामती दिली आहे. ती रागावली की शत्रूच्या अंगावर फुल्या उमटतात, दोरीवरचे कपडे पेटतात. हे प्रकार मराठवाड्याला चांगले माहीत आहेत, आणि त्यामागचं कारणही. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की तिथे डाग उठतो, फोड येतात. काडी बुडवून फुली काढता येते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणं वर्षानुवर्षं तपासली आणि हात बहुतेकदा घरातल्याच कुणाचा तरी निघाला, बहुधा अशा माणसाचा की ज्याचं म्हणणं घरात कुणी ऐकत नव्हतं. कादंबरीत भानामती खरी दाखवायला हरकत नाही, कल्पितच आहे ते. पण मग ती बाई एकटी पडली पाहिजे. तिच्या नणंदेच्या पोराला ताप आला की सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं पाहिजे. नर्स म्हणून तिच्या हातचं इंजेक्शन घ्यायला एखाद्या म्हातारीनं नकार दिला पाहिजे. ताकदीची किंमत ही अशी मोजायची असते. इथे ती फुल्या उमटवते, चुटकी वाजवते आणि कॉफी प्यायला जाते.

तिची सामग्रीही परकी आहे. रोझमेरी, लॅव्हेंडर, काळ्या मेणबत्त्या. अंबाजोगाईच्या आजीच्या फळीवर वेखंड असेल, गुग्गुळ, बिब्बे, निरगुडीचा पाला, गाठोड्यात बांधलेली मोहरी. दृष्ट काढायला मीठ, मोहरी, लाल मिरच्या. चुलीत टाकल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजायचं. हा एक प्रसंग व्हॅम्पायरवर करून बघा. मिरच्या टाकल्या, सगळं घर खोकतंय, हा एकटा शांत बसलाय, कारण तो श्वासच घेत नाही. आजीला तिथेच कळायला हवं. आणि व्हॅम्पायरला वर्ज्य असलेला लसूण? मराठवाड्यातल्या जेवणात लसूण टाळून दाखवा. ठेच्यात लसूण, येसर आमटीला लसणाची फोडणी, चटणीत लसूण. पाहुणचाराला बसवलेला जावई ताटाला हात लावत नाही, यावरून मराठवाड्यात सोयरिकी मोडू शकतात. पुस्तकात तो दोन वाट्या आमटी पितो आणि ‘वाव’ म्हणतो.

भाषेबद्दल थोडंच. आजी ‘कुठं चाललीयास गं पोरी’ म्हणते, ते कोल्हापूरच्या मालिकेतलं आहे. अंबाजोगाईची म्हातारी ‘काय करायलीस माय?’, ‘कामून आलास रे?’ असं बोलेल. पूर्ण बोलीत लिहायची गरज नाही. आजी, मामा आणि ड्रायव्हर या तिघांच्या तोंडी नेमाने ठेवली तरी पुरे. नायिका शिकलेली आहे, ती दवाखान्यात प्रमाण बोलेल आणि आजीशी भांडताना बोलीवर येईल. एवढा फरक ठेवला की माणसं वेगवेगळी ऐकू यायला लागतात.

हे सगळं का बिघडलं, त्याचं एक कारण भागाभागांनी लिहिण्यात आहे. छोटा भाग, शेवटी धक्का, आठवड्याला दोन. चाळिसाव्या भागापर्यंत तिसऱ्या भागातला नियम लेखक स्वतःच विसरतो. पुस्तक करताना हे सगळं एकत्र शिवलं, पण उसवून पाहिलं नाही. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस भागांचा शेवट ‘आणि दारात तो उभा होता’ याच जातीचा आहे. ॲपवर दोन भागांत तीन-चार दिवसांचं अंतर असतं तेव्हा चालून जातं. सलग वाचताना अकराव्यांदा तो दारात उभा राहिला की वाचक म्हणतो, बाबा, एकदा आत ये तरी. त्यातही, आमंत्रणाशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही हा नियम भाग २ मध्ये आहे. तो पुढे कुणी पाळला नाही, हे सांगायला नको.

लिहायला बसायच्या आधी एक वही करावी. एका पानावर एक नियम. खाली लिहायचं की याने काय अडतं, मोडला तर कोण भोगतं, आणि हा नियम वाचकाला कुठल्या भागात कळला. प्रत्येक भाग लिहून झाला की वही उघडून त्या भागात सूर्य कुठे होता, नदीला पाणी होतं का, त्यानं शेवटचं कधी प्यायलं, एवढं तपासायचं. नियम चार-पाचच ठेवावेत. ऊन, रक्त, उंबरा, नदी बास झाले. इथे मोजले तर चौदा निघतात आणि त्यातले अकरा मोडलेत.

दुसरी आवृत्ती निघणार असं ऐकतो. सगळं बदलणं शक्य नसतं, छापखान्याचा खर्च असतो. तरी किमान लग्न संध्याकाळी घ्या, रोजचा प्याला बंद करा, किल्लारीचा वाडा हलवा आणि शेवटच्या भागातले अश्रू काढून टाका. अश्रूंनी शाप सुटणार असेल, तर ती भाग ९ मध्येही रडली होती, चांगली दीड पान रडली होती, आणि तेव्हाही पौर्णिमाच होती.